गवत, माती आणि पाणी : येरमाळ्याच्या चुनखडीपासून पवनचक्कीच्या पात्यापर्यंत

१/
चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला कळंब तालुक्यातील येरमाळा गाव माणसांनी फुलून जाते. येडेश्वरी देवीची पालखी डोंगरावरच्या मंदिरातून खाली उतरते आणि चुन्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचतात. हा विधी श्रद्धेचा आहे; पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात आणखी एक खूण दिसते. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात चुनखडकाचे डोंगर सहसा आढळत नाहीत. येथील गवंड्यांना शतकानुशतके चुना मिळाला तो मातीत तयार होणाऱ्या अशाच खड्यांतून. खडे भट्टीत भाजायचे, पाण्यात विझवायचे, वाळू घालून घाण्यात मळायचे. वाडे, बारवा आणि मंदिरे या चुन्यावर उभी राहिली.

२/
परंतु चुना असो वा माती, एकट्याने तो भिंतीवर फार काळ टिकत नाही. वाळताना आकसतो, आकसताना भेगाळतो. दाब सोसण्याची ताकद त्याच्यात आहे. ताण सोसण्याची नाही. म्हणून जुन्या कारागिरांनी त्यात तंतू मिसळले : गवत, भुसा, भाताचे तूस, जनावरांचे केस, अंबाडी, ताग. तंतू ताण घेतो, माती दाब घेते. आजचे अभियंते अशा जोडीला ‘संमिश्र पदार्थ’ म्हणतात. विमानाचा पंख, मासेमारीची फायबरची होडी आणि आजीच्या घरातील कणगी ही एकाच कुळातली भावंडे आहेत. या कुळाचे दोन वैरीही समान आहेत : ओल आणि उष्णता. आजचा धागा या वैराच्या इतिहासाविषयी.

३/
प्रथम घरातील नमुने पाहू. मराठवाड्यात कुडाची भिंत करताना तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या-आडव्या बांधून त्यावर शेणमातीचा लेप देत. धान्याची कणगीही अशीच : आत विणलेला सांगाडा, बाहेर शेणमाती. लेपाचा चिखल लगेच वापरला जात नसे. त्यात भुसा घालून, पाणी सोडून तो काही दिवस कुजत ठेवत आणि पायांनी तुडवत. त्या कुजण्यातून चिकट द्रव्ये सुटतात आणि माती गवताला घट्ट धरते. गवत मातीत केवळ मिसळून चालत नाही, दोघांची पकड बसावी लागते, हे आपल्या पूर्वजांनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ओळखले होते.

४/
या पकडीतच सारे रहस्य आहे. प्रत्येक संमिश्रात तीन गोष्टी असतात : तंतू, त्याला वेढणारे बंधक द्रव्य (माती, चुना किंवा राळ) आणि या दोहोंमधला अतिसूक्ष्म सांधा. बाहेरचा भार प्रथम बंधकावर येतो व सांध्यातून तंतूपर्यंत पोहोचतो. सांधा सुटला की मजबूत तंतू आणि बरे बंधक शेजारी शेजारी असूनही एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. पाणी बहुधा याच ठिकाणी घाव घालते. बाहेरून वस्तू धडधाकट दिसते. आत मात्र तिचे दोन घटक एकमेकांपासून विलग झालेले असतात.

५/
पाणी हे कसे साधते, याचा धडा शेतकऱ्याच्या घरीच होता. अंबाडी किंवा तागाचा दोर वळण्यापूर्वी त्याच्या काड्या पाण्यात बुडवून कुजवतात. पाण्यातील सूक्ष्मजीव तंतूंना काडीशी चिकटवून ठेवणारे द्रव्य खातात आणि मग साल हाताने सहज सुटते. पाणी उबदार असेल तर काम लवकर होते, थंड असेल तर रेंगाळते. डबक्यात मुद्दाम घडवलेली ही क्रिया भिंतीत नकळत घडली, तर तिलाच आपण नाश म्हणतो. ओल सांधा सोडवते आणि ऊब त्या कामाला गती देते. या एका वाक्यात पुढील पंधराशे वर्षांचा इतिहास मावतो.

६/
आता अजिंठ्याला जाऊ. वाघोरा नदीच्या वळणावरील या लेण्यांत, विशेषतः वाकाटक काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, चित्रकारांनी खडबडीत कातळावर थेट रंग दिला नाही. आधी मातीचा गिलावा केला. त्यात गवताचे तंतू, तूस आणि इतर वनस्पतींचे अवशेष मिसळले. त्यावर बारीक पांढरा थर दिला आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी चित्रे काढली. ओल्या चुन्यात रंग मुरवण्याची युरोपीय पद्धत येथे नाही. म्हणून अजिंठ्याचा पद्मपाणी खऱ्या अर्थाने दगडावर उभा नाही. तो माती आणि गवत यांच्या एका पातळ संमिश्रावर उभा आहे.

७/
त्या संमिश्राचे आयुष्य पावसाळ्याच्या हातात होते. चिकणमाती पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते. काळ्या रानात उन्हाळ्यातल्या भेगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. गवताचा तंतूही फुगतो, पण मातीच्या प्रमाणात नव्हे. मागचा कातळ तर जवळपास हलतच नाही. तिघांची हालचाल निराळी, म्हणून दर ऋतुचक्रात सांध्यावर थोडा ताण पडतो. एका पावसाळ्याने काही बिघडत नाही. शेकडो पावसाळे झाल्यावर गिलावा कातळापासून सुटतो, मागे पोकळी राहते आणि एके दिवशी चित्राचा तुकडा गळून पडतो. कातळातील भेगांतून झिरपणारे पाणी आणि पुढे प्रेक्षकांच्या श्वासातून येणारे बाष्प यांनी या चक्रात भरच घातली.

८/
ओल आणखी एका पाहुण्याला बोलावते : कीटक. वनस्पतीचा तंतू हे अखेर अन्नच आहे. कोरडा असेपर्यंत तो सुरक्षित राहतो. दमट झाला की बुरशी येते, बुरशीमागे कीटक येतात. तंतू खाल्ला गेला की मातीत त्याच्या आकाराची रिकामी नळी उरते आणि त्या नळीतून पाणी आणखी आत शिरते. जो तंतू बळकटीसाठी घातला, त्याच्याच जागी पाण्याची वाट तयार होते. अजिंठ्याच्या चित्रांचा किमान चौथा हिस्सा कीटकांनी बिघडवला, असे मत पुरातत्त्व विभागाच्या रसायन शाखेत काम केलेले राजदेव सिंह यांनी मांडले आहे.

९/
या मताला पार्श्वभूमी होती ती वेरूळची. राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या मातीच्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात त्यांना भांगेच्या रोपाचे तंतू आढळले. ओळख पक्की करण्यासाठी त्यांनी आजच्या रोपांचे नमुने शेजारी ठेवून तुलना केली. मिश्रणात या रोपाचा वाटा सुमारे १० टक्के होता. २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. भांग म्हटले की नशा आठवते. वेरूळच्या गवंड्याला मात्र तिच्या खोडातला चिवट तंतू हवा होता.

१०/
अभ्यासकांच्या मते या तंतूने वेरूळला दोन गोष्टी दिल्या. तो कीटकांना रुचत नाही, म्हणून अजिंठ्यासारखा कीटकांचा उपद्रव येथील गिलाव्यात दिसला नाही. शिवाय तो गिलाव्यात ओलीचे नियमन करतो : हवा दमट असता बाष्प धरून ठेवतो, हवा कोरडी झाली की ते सोडून देतो. तरी येथे सावधपणा हवा. वेरूळचीही बरीचशी चित्रे आज उरलेली नाहीत आणि कोणताही एकच घटक पंधरा शतकांचे श्रेय घेऊ शकत नाही. तंतूची निवड करताना पाण्याचा विचार झाला की नाही यावर पुढच्या शतकांचे भवितव्य ठरते, एवढे मात्र येथे दिसते.

११/
आता एक चूक पाहू, कारण चुका अधिक शिकवतात. १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या हैदराबाद संस्थानाने अजिंठ्याच्या संवर्धनासाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. आजचा धाराशिव जिल्हाही तेव्हा त्याच संस्थानात होता. सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा चिकटवला. ते काम मोलाचे होते. पण रंग जपण्यासाठी चित्रांवर लाखेचा लेपही दिला गेला. काळाच्या ओघात तो पिवळा-तपकिरी पडला, आक्रसला आणि रंगाचे पापुद्रे ओढू लागला. श्वास घेणाऱ्या मातीचे तोंडच जणू बांधले गेले. पुढे हा लेप जपून उतरवण्यात पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांची अनेक वर्षे गेली.

१२/
लेण्यांतून पुन्हा येरमाळ्याच्या परिसरात येऊ. मराठवाड्यातील जुन्या घराचे छप्पर म्हणजे माळवद. लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, मग पाला-गवत आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. काळी माती येथे चालत नाही. ती फुगते आणि भेगाळते. पांढरी माती पाणी सहज आत घेत नाही, हे ज्ञान पिढ्यांचे. वैशाखात बाहेर आग ओकत असताना माळवदाखाली गारवा असतो, तो या जाडीमुळे. एका विशिष्ट हवामानाला लोकांनी शोधलेले हे अत्यंत शहाणे उत्तर होते.

१३/
पण त्या उत्तरातही पाण्याने एक फट शोधली. पावसाळ्यात माळवद गळते. गळू लागले की उपाय एकच : वरून आणखी पांढरी माती टाकायची. जुनी माती खाली उतरवण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसे. वर्षामागून वर्षे थरावर थर चढत गेले आणि कित्येक घरांवर मातीची जाडी दीड-दोन फुटांवर गेली. खाली भिंती होत्या त्या दोन बाजूंनी रचलेल्या दगडांच्या. मध्ये दगडगोट्यांची भर आणि सांध्यात नुसता चिखल. चिखलाचा सांधा दरवर्षी भिजत आणि सुकत राहिला. वरचे वजन वाढत होते, खालची पकड सैल होत होती.

१४/
३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. मृतांचा आकडा ८ ते १० हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. जागतिक मोजपट्टीवर हा भूकंप मध्यम होता. माणसे मारली ती कोसळलेल्या दगडी भिंतींनी आणि मातीच्या ओझ्याने. काही घरांत भिंती बाहेर ढासळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि आतली माणसे वाचली. नीट जोडलेले लाकूड तग धरू शकले; निखळलेला चिखलाचा सांधा धरू शकला नाही.

१५/
या आपत्तीचा दोष पूर्वजांच्या अडाणीपणाला देणे अन्यायाचे ठरेल. गळती थांबवणे ही दरवर्षीची गरज होती. एवढा विनाशकारी भूकंप कोणाच्या आठवणीत नव्हता. ओलीचा हा स्वभावच आहे की ती एका वर्षाचा प्रश्न म्हणून समोर येते आणि तिची किंमत पन्नास वर्षांनी वसूल होते. त्यानंतर पुनर्वसित गावांत सिमेंट आले, माळवदे कमी झाली. दरम्यान जगात दुसरीकडे तंतू आणि बंधक यांची एक नवी जोडी तयार झाली होती. तिच्या निर्मात्यांना वाटले की पाण्याचा प्रश्न आता संपला. तोच भ्रम पुन्हा, निराळ्या वेशात.

१६/
१९३० च्या दशकात अमेरिकेत काचेचे अतिबारीक तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची युक्ती साधली. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाली. काच कुजत नाही, कीटक खात नाहीत. तिला कृत्रिम राळेत बसवून दुसऱ्या महायुद्धात विमानांचे भाग आणि होड्या तयार झाल्या. मात्र एक विचित्र गोष्ट लक्षात आली : पाण्यात राहिल्यावर या पदार्थाची ताकद मोठ्या प्रमाणात घटत होती. काच शाबूत, राळ शाबूत. सुटला होता तो सांधा. काचेला पाण्याचे आकर्षण राळेपेक्षा अधिक असते. तंतूच्या कडेने पाणी शिरले की ते राळेला बाजूला सारून स्वतः काचेला बिलगते.

१७/
१९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अमेरिकी नौदलासाठी झालेल्या संशोधनातून उपाय पुढे आला : सिलेन नावाची संयुगे. त्यांच्या रेणूचे एक टोक काचेला धरते, दुसरे राळेला. पुढे डाऊ कॉर्निंगमधील एडविन प्लूडमन यांनी या विषयाला आयुष्य वाहिले. विचार केला तर ही कुजवलेल्या चिखलाचीच आधुनिक आवृत्ती आहे. पायांनी तुडवलेल्या चिखलात जे काम चिकट द्रव्ये करीत, ते येथे निवडून घडवलेला रेणू करतो. तरीही सिलेनची गाठ कायमची नसते. पुरेसे पाणी, पुरेशी उष्णता आणि पुरेसा काळ मिळाला, तर तीही सुटते.

१८/
पाणी घट्ट राळेत शिरते तरी कसे? १८५५ साली अडॉल्फ फिक यांनी विसरणाचा नियम मांडला. त्यानुसार पाण्याची आत जाण्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वस्तूची जाडी दुप्पट केली, तर ती भिजायला चौपट वेळ लागतो. उष्णता वाढली की रेणूंची धावपळ वाढते आणि हाच प्रवास कितीतरी वेगाने होतो. १९७६ मध्ये शेन आणि स्प्रिंगर यांनी या नियमाच्या आधारे संमिश्रांत पाणी किती काळात किती शिरेल, याचे गणित मांडले. त्यामुळे वीस वर्षांच्या झिजेचा अंदाज गरम पाण्यात काही आठवड्यांत बांधता येऊ लागला.

१९/
आत शिरलेले पाणी दोन प्रकारचे नुकसान करते. पहिले भरून येणारे : राळ मऊ पडते, थोडी फुगते, वाळवली की बऱ्याच अंशी सावरते. एपॉक्सी राळेत १ टक्का पाणी शिरले, तर ती मऊ पडण्याचे तापमान साधारण २० अंशांनी खाली येऊ शकते. म्हणूनच भिजलेला पदार्थ नेमका उन्हाळ्यात अधिक धोक्याचा. दुसरे नुकसान न भरणारे : पाणी राळेच्या रेणूंच्या साखळ्या तोडते, काचेतील क्षार ओढून घेते, सांधा सोडवते. होड्यांच्या बुडाशी येणारे फोड याच प्रकारातले. २००१ साली प्रथम उडालेल्या ‘तेजस’सारख्या विमानांत कार्बन तंतूंचा वाटा मोठा असतो, अशा विमानांची ताकद मोजताना पदार्थ ‘तापलेला आणि भिजलेला’ आहे, असेच गृहीत धरतात.

२०/
आता पुन्हा बालाघाटाकडे पाहा. धाराशिव जिल्ह्याच्या माळांवर अलीकडे पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांची पाती म्हणजे प्रामुख्याने काचतंतू आणि राळ. त्यांच्याकडून साधारण वीस वर्षांची सेवा अपेक्षित असते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, जूनमध्ये पाऊस येतो. पात्याचे टोक ताशी २५० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. त्या वेगाला पावसाचा थेंबही छिन्नीसारखा लागतो. वरचा रंगाचा थर खरवडला गेला की पाण्याला आतली वाट मिळते. अजिंठ्याच्या भिंतीवर जे शतकांत घडले, ते येथे दशकांत घडू शकते. म्हणून दोरावर लटकून पाती तपासणारे आणि लेप भरणारे कामगार हे आजच्या काळातले सारवणारे हात आहेत.

२१/
या इतिहासातून हाती काय लागते? ज्या संमिश्राला पाणी लागत नाही, असे आजवर कोणी केलेले नाही. फरक पडला तो तीन ठिकाणी : तंतू कोणता निवडला, आलेली ओल बाहेर जाऊ दिली की कोंडली आणि वेळच्या वेळी हात फिरवला की नुसती वरून भर टाकली. वेरूळच्या तंतूत पहिले दिसते, अजिंठ्याच्या लाखेत दुसरे, माळवदाच्या मातीत तिसरे.

तुमच्या गावी एखादे जुने माळवद किंवा कुडाची भिंत अजून उभी असेल, तर पावसाळ्यापूर्वी ती पाहून या. छायाचित्र घ्या, जाडी मोजा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की मातीत काय काय मिसळले होते. हे ज्ञान पुष्कळदा कुठे लिहिलेले नसते; ते आजही काही हातांत आहे. येरमाळ्याच्या चुन्याच्या रानात पुढच्या चैत्रात खडे वेचाल, तेव्हा एक खडा क्षणभर निरखून पाहा. हा प्रदेश ज्यावर उभा राहिला, तो चुना अशाच खड्यांचा होता.